चौसष्ट पानांची मागणी

मेमो आला तेव्हा सुकेशिनी खंदारे फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मेलेल्या संगणकाचा पत्रा उघडून आत बघत होती. १९९३ चा एप्रिल. परभणीहून जिंतूरच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की कोरडवाहू मापन केंद्राची पत्र्याच्या छपराची इमारत लागे. दुपारी त्या छपराखाली माणूस भाजून निघे. भांडारपाल शिवमूर्ती दारात येऊन उभा राहिला. हातातला कागद द्यायची त्याची इच्छा नव्हती, हे लांबूनही कळत होतं.

"ताई, सही करून घ्या म्हनले साहेब."

तिनं हात ओढणीला पुसले आणि कागद घेतला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे व अनधिकृत हाताळणीमुळे केंद्राच्या दोन हंगामांच्या नोंदी कायमच्या नष्ट झाल्या आहेत. आपली सेवा पुढे का चालू ठेवावी, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' खाली केंद्रप्रमुख आबासाहेबांची लांबलचक सही.

सुकेशिनीनं तो कागद तीनदा वाचला. निष्काळजीपणा हा शब्द तिनं एक वेळ गिळला असता. पण 'अनधिकृत'? संगणकातल्या मोजणीच्या कार्डाची स्मृती साफ करण्याचा आदेश आबासाहेबांनीच काढलेला होता, आणि तो आदेश अजून तिच्या टेबलाच्या काचेखाली होता.

"अप्पा, हे कोनी लिहून दिलं साहेबाला?"

शिवमूर्तीनं खाली बघितलं. "कंपनीचा मानूस आलता ना काल. दोघं बसले व्हते आत." मग हळूच म्हणाला, "तुमी सही करा, पन खाली लिहा, 'मान्य न्हाई' म्हनून."

तिनं तसं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

सुकेशिनी पूर्णेची. वडील सटवाजी रेल्वेत गँगमन. अगोदर तिची आई लेकरांना घेऊन गावी राहायची. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांच्या वस्तीतली नऊ घरं जळाली. त्यात यांचंही होतं. सुकेशिनी बारा वर्षांची होती. सटवाजीनं बायको-लेकरांना पूर्णेच्या क्वार्टरात आणलं ते कायमचं. पुढं तिनं नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि नव्वद साली केंद्रात तंत्रसहायक म्हणून लागली. जागा राखीव होती. परीक्षेत ती सगळ्या उमेदवारांत दुसरी आली होती, खुल्या जागांचे उमेदवार धरून. ही दुसरी गोष्ट केंद्रात कोणाला आठवत नसे, पहिली मात्र सगळ्यांना पाठ होती.

केंद्राचं काम तसं साधं. काळ्या रानात पाऊस पडला की किती पाणी जिरतं आणि किती वाहून जातं, ते मोजायचं. रानाच्या बांधाबांधावर मोजणीची यंत्रं होती, त्यांच्या तारा जमिनीखालून संगणकाच्या खोलीत येत आणि तिथं संगणकात बसवलेल्या एका कार्डाला जोडलेल्या असत. जोराच्या सरीत पाण्याचा लोंढा क्षणाक्षणाला बदलतो. कार्ड ते आकडे स्वतःच्या छोट्या स्मृतीत साठवत राही.

आता युनिक्स नावाच्या यंत्रणेवर चालणाऱ्या संगणकात कोणताही साधा प्रोग्रॅम उठून कार्डाच्या स्मृतीला हात लावू शकत नाही. त्याला आधी यंत्रणेकडं मागावं लागतं, यंत्रणा आकड्यांची नक्कल करून देते. पण नकला करण्यात वेळ जाई आणि ऐन सरीतले आकडे निसटत. म्हणून कार्ड पुरवणाऱ्या कंपनीनं दुसरी रीत वापरली होती. तिचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि यंत्रणा यांच्यामधला प्रोग्रॅम, कार्डाची स्मृती थेट वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला जोडून देई. मग मधे नक्कल नको की विचारणा नको, आपल्याच स्मृतीतून वाचल्यासारखं वाचायचं. स्मृती मोजायची पानांच्या हिशेबानं, एक पान म्हणजे चार हजारांहून थोडी जास्त अक्षरं. केंद्रातल्या कार्डावर अशी चार पानं होती. चार पानांचं काम दोन हंगाम झकास चाललं. रीत मुळात चांगलीच होती, हे सुकेशिनी पुढंही कायम सांगायची.

एक एप्रिलला तिनं आदेशाप्रमाणे कंपनीच्या प्रोग्रॅममधला सातवा पर्याय निवडला, 'स्मृती साफ करा'. नव्या हंगामाआधी तो वापरावा असं कंपनीच्या पुस्तकातच छापलेलं होतं. कळ दाबली आणि पडदा जागच्या जागी थिजला. यंत्र पुन्हा चालू केलं तर डिस्कवरची फाइलींची यादी तुटलेली. यंत्र मेलं होतं ते नेमकं डिस्कवर लिहिता लिहिता. एकोणीसशे एक्याण्णवच्या नोंदी गेल्या, ब्याण्णवच्या गेल्या. आणि टेपवर दुसरी प्रत? टेपचं यंत्र दोन वर्षांपासून कपाटावर होतं, त्यात घालायच्या टेप आल्याच नव्हत्या. तिनं तीनदा मागणी केली होती. तिन्ही वेळा 'पुढील वर्षी पाहू' असा शेरा पडला होता.

कंपनी औरंगाबादची. तिचा इंजिनियर बन्सीधर मूळचा सेलूचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मेमोच्या आदल्या दिवशी तो आला, दहा मिनिटं पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी कायतरी भलतंच दाबलं असंल. आमचं सॉफ्टवेअर अकरा ठिकानी चालू हाय. कुटं तक्रार न्हाई."

"अकरा ठिकानी सातवा पर्याय कोनी वापरला का?"

"आता ते मला काय माहीत?" त्यानं पेन खिशात घातलं. "मशीन चुकत न्हाई मॅडम. मानूस चुकतो."

ती तारा गुंडाळत राहिली. आबासाहेब त्याला घेऊन व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. आबासाहेबांचा आवाज मुळातच मोठा, आणि तो कमी करायची त्यांना गरजही वाटली नाही. "काय करता बन्सीधर, कोट्यातून भरती केली की हे असंच व्हायचं. आपल्याला सांभाळून घ्यावं लागतं."

सुकेशिनीनं हातातली तार खाली टाकली. एकदा वाटलं, तस्संच बाहेर जावं आणि परीक्षेची गुणपत्रिका त्यांच्या तोंडावर मारावी. पण ती उठली नाही. ओरडलं की 'बघा, स्वभावच तसा' म्हणायला हे मोकळे. हिला पुरावा पाहिजे होता.

केंद्रात कंपनीच्या फ्लॉपींचा एक डबा होता, खरेदीत आलेला. दोन वर्षांपूर्वी यंत्रणा बसवताना त्यातली एक फ्लॉपी वापरली आणि बाकीच्या तशाच राहिल्या. सुकेशिनीनं मेलेल्या संगणकावर युनिक्स आणि कंपनीचा ड्रायव्हर नव्यानं चढवला आणि एकेक फ्लॉपी उघडून बघितली. चौथ्या फ्लॉपीवर ड्रायव्हरचा मूळ मजकूर होता. कंपनीच्या कोणीतरी न बघता नक्कल करून पाठवलेला.

रविवारी तिनं तो कागदावर छापून पूर्णेला नेला आणि क्वार्टरच्या ओट्यावर बसून ओळीनं वाचायला घेतला. शेजारी युनिक्सची जाडजूड मार्गदर्शिका. त्यात ड्रायव्हरनं काय करायचं ते स्पष्ट दिलं होतं. प्रोग्रॅम एकेका पानाची मागणी करणार. प्रत्येक मागणीला ड्रायव्हरनं आधी बघायचं, हे पान आपल्या कार्डात आहे का. असेल तर त्याचा पत्ता द्यायचा. नसेल तर नकार द्यायचा. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये पत्ता काढायची ओळ होती. नकाराची ओळच नव्हती. पहिलं पान मागा, मिळालं. पाचवं मागा, पाचवं नाहीच, तरी त्याच्या पुढच्या जागेचा पत्ता मिळाला. पाचशेवं मागा, तेही मिळालं.

मग तिनं सातवा पर्याय तपासला. प्रोग्रॅम लिहिला होता कंपनीच्या मोठ्या कार्डासाठी, त्यावर चौसष्ट पानं असत. केंद्राला छोटं कार्ड दिलं, प्रोग्रॅम तोच दिला. रोजच्या वाचनाला पहिली चारच पानं लागत, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही. 'साफ करा' म्हटलं की मात्र तो चौसष्ट पानं मागून सगळ्यांवर शून्यं लिहीत सुटे. तिनं पेन्सिलीनं पत्ते मांडले. चार पानं कार्डाची. पुढच्या चव्वेचाळीस पानांच्या जागी कुठं काहीच नव्हतं, कुठं न पुसली जाणारी कायमची स्मृती होती. आणि एकोणपन्नासाव्या पानापासून सुरू होत होती संगणकाची स्वतःची स्मृती, जिथं युनिक्सचा गाभा बसलेला असतो. शेवटची सोळा पानं गाभ्यावरून फिरली होती. यंत्र जगणार कसं?

"सापडलं का गं?" आतून सटवाजीनं विचारलं.

"सापडलं, बाबा." तिनं पेन्सिल ओट्यावर आपटली. "एका ओळीचं काम व्हतं. यानला एक ओळ लिहायचा कंटाळा आला, आन् माझ्या पोटावर पाय देयला निघाले."

सोमवारी तिनं तपासायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कुठं काही लिहीत नसे, ड्रायव्हरकडं पानामागून पान मागे आणि आत काय आहे ते पडद्यावर दाखवी. तिच्या खात्याला कसलाही खास अधिकार नव्हता. तरीही पानं येत गेली. आधी कार्डाचे आकडे, मग कचरा, मग फाइलींची नावं, मग इंग्रजी वाक्यं. ती वाक्यं तिनं लिहिलेली नव्हती. आबासाहेबांच्या खोलीतलं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, याच संगणकाला जोडलेलं होतं आणि ते त्या वेळी मुख्य कार्यालयाला पत्र लिहीत होते. तिचं नाव त्यात दोनदा आलं. 'चौकशीत दोष सिद्ध झाला असून सदर कर्मचारी तांत्रिक कामास अपात्र आहे.' चौकशी अजून सुरूच झाली नव्हती. तिच्या खुलाशाचे सात दिवससुद्धा संपले नव्हते.

तिनं पडदा बंद केला. ते पत्र तिनं छापून घेतलं नाही. दुसऱ्याचं पत्र चोरून वाचलं, असा नवा ठपका तिला नको होता.

खुलासा मात्र तिनं सोळा पानांचा दिला, ड्रायव्हरच्या ओळी आणि पत्त्यांच्या कोष्टकासकट, आणि त्याची एक प्रत रजिस्टर टपालानं थेट मुख्य कार्यालयाला पाठवली. आबासाहेब भडकले. "वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार करायलात तुमी!"

"मेमोत खुलासा मागितला, साहेब. मी देयलेय."

मे महिन्यात चौकशी अधिकारी म्हणून किशनराव आले. निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. बन्सीधरलाही बोलावलं होतं. तिनं पाठवलेलं कोष्टक पाहून तो हसला. "सर, हे सगळं कागदावर ठीक हाय. प्रत्यक्षात साध्या युजरला सिस्टीमची मेमरी दिसूच शकत न्हाई. युनिक्समधी तसं हुतच न्हाई."

"मंग बघा," सुकेशिनी म्हणाली. "साहेबांनी त्यांच्या खोलीत जावं. टर्मिनलवर काहीही लिहावं. कोनाला सांगू नये."

आबासाहेब नाखुशीनं उठले. किशनराव त्यांच्याबरोबर गेले. पाच मिनिटांनी किशनरावांनीच आतून आवाज दिला, "लिहिलं!" बन्सीधर सुकेशिनीच्या पाठीशी उभा होता. तिनं आपला प्रोग्रॅम चालवला. पानं सरकत गेली, आकडे, कचरा, नावं. मग ती थांबली आणि इंग्रजी वाक्यं मराठी करून मोठ्यानं वाचू लागली. "'आज परभणीत ऊन फार आहे. किशनराव यांनी ताक घेतले.'"

पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. किशनराव दारात आले तेव्हा त्यांच्या मिशीला खरंच ताक लागलेलं होतं. त्यांनी पडद्यावरचं वाक्य वाचलं, परत जाऊन दुसरं लिहून घेतलं. सुकेशिनीनं तेही वाचून दाखवलं.

"बन्सीधर," किशनराव म्हणाले, "कार्डाची हद्द कुठं संपते, हे कोनी बघायचं असतं?"

"ड्रायव्हरनं, सर."

"आन् ड्रायव्हर कोनाचा?"

बन्सीधरनं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "आमचा."

त्याच दिवशी त्यानं ती एक ओळ घातली. मागितलेलं पान चारच्या पुढचं असेल तर नकार. ओळ लिहायला त्याला दोन मिनिटं लागली असतील. सुकेशिनी मागं उभी राहून बघत होती. इतकी स्वस्त गोष्ट, आणि तिच्यापायी तिच्या घरात महिनाभर कोणाला नीट जेवण गेलं नव्हतं. बन्सीधर उठताना म्हणाला, "मॅडम, तुमी लय बारीक बघितलं."

"तुमी जाड बघितलं म्हनून बघावं लागलं."

एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल, प्रकरण संपलं. जुलैत मुख्य कार्यालयाचा कागद आला, 'सदर बाब निकाली काढण्यात येत आहे.' एवढंच. कोणाचा दोष, काही नाही. मेमो मागं घेतल्याचाही उल्लेख नाही. म्हणजे तो तिच्या सेवापुस्तकात जन्मभर राहणार. त्याच आठवड्यात कंपनीनं सगळ्या गिऱ्हाइकांना नवी फ्लॉपी पाठवली आणि सोबतच्या पत्रात लिहिलं, 'आमच्या तज्ज्ञांनी केलेली सुधारणा.'

सुकेशिनी थेट आबासाहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, मेमो मागं घेतल्याचं पत्र पाहिजे."

"निकाली निघालं ना? आता कशाला उकरता?"

"निकाली निघालं म्हंजे माफ केलं असं वाचतात लोक. मला माफी नको. मी चुकलेच न्हाई."

"तुमच्या लोकांचं हेच असतं," आबासाहेब म्हणाले, "जितकं द्यावं तितकं कमीच."

ती टेबलाजवळ गेली. आवाज चढवला नाही. "तुमी मला काय दिलं साहेब? 'अपात्र' असं पत्र चौकशीच्या आदी लिहून ठेवलं व्हतं, तेवढंच दिलं. ते मी वाचलंय. वाचायचं न्हवतं, यंत्रानं दाखवलं. कोनाला सांगितलं न्हाई, कारन दुसऱ्याच्या कागदावर पोट भरायची सवय आमच्यात न्हाई."

आबासाहेबांचा चेहरा उतरला. पण पत्र निघालं नाही.

पावसाळा सुरू झाला, नवे आकडे येऊ लागले. हरवलेल्या दोन हंगामांतलं जे हाती लागेल ते परत मिळवायचं तिनं ठरवलं. धुरपताबाई आणि आणखी तिघी मजूर बाया सकाळ-संध्याकाळ पावसाचं माप हातानं वाचून चिठ्ठीवर खुणा करत. यंत्र आल्यावरही त्या तसं करत राहिल्या, त्या चिठ्ठ्या कोणी विचारल्या नव्हत्या, पण शिवमूर्तीनं फेकल्याही नव्हत्या. पोतंभर निघाल्या. क्षणाक्षणाचे आकडे गेले ते गेलेच, रोजच्या पावसाचे मात्र परत आले. चार महिने सुकेशिनी आणि धुरपताबाई दुपारच्या सुट्टीत त्याच कामाला बसत. धुरपताबाई खूण सांगायची, ही टाईप करायची. केंद्राच्या वार्षिक अहवालात 'नोंदी पुनर्प्राप्त करण्यात यश' असं छापून आलं. खाली आबासाहेबांचं नाव.

तिनं अर्ज करणं सोडलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला एक अर्ज, त्याच मजकुराचा. शिवमूर्ती आवक नोंदवून पोच द्यायचा. एकदा आबासाहेबांनी त्याला झापलं, "तू कशाला देतोस रे पोच?" तो म्हणाला, "आलेला कागद आला म्हनायचा न्हाई का साहेब?"

जानेवारीच्या चौदाला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पूर्णेला क्वार्टरांच्या मधल्या पटांगणात हलगी कडाडली, बायांनी गाणी म्हटली, साखर वाटली. सटवाजी एका बाजूला बसून रडत होता. सोळा वर्षं लागली, आणि तेही जुनं नाव राखूनच. कोणी नाचत होतं, कोणी चिडून बोलत होतं, आणि पुष्कळजण दोन्ही करत होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात आबासाहेब म्हणाले, "झालं ना आता तुमच्या मनासारखं?"

"माजा कागद, साहेब," सुकेशिनी म्हणाली.

कागद मार्चमध्ये आला. किशनराव निवृत्त होण्याआधी जी शेवटची प्रकरणं हातावेगळी करून गेले, त्यांत हे होतं. 'नोंदी नष्ट होण्याचे कारण पुरवठादाराच्या ड्रायव्हरमधील त्रुटी हे असून श्रीमती खंदारे यांचा कोणताही दोष नाही. दिलेला मेमो मागे घेण्यात येत आहे.' आबासाहेबांच्या पत्राबद्दल त्यात अक्षर नव्हतं. 'कोट्यातून भरती' म्हणणाऱ्या तोंडाबद्दल तर कुठल्याच कागदात काही येणार नव्हतं.

धुरपताबाई बाहेर बाभळीच्या सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसली होती. सुकेशिनी तिच्याजवळ जाऊन टेकली आणि तिनं कागद तिला वाचून दाखवला, अवघड शब्द सोपे करून.

धुरपताबाईनं घास तोंडाजवळ नेता नेता थांबवला. "म्हंजी तुजी चूक न्हवती, असं म्हनतेत?"

"हो मावशी."

"ते तर मे म्हैन्यातच समद्यासमोर दिसलं व्हतं की! मंग हे मेले दहा म्हैने काय करायले व्हते?"

सुकेशिनीनं कागदाची घडी घातली. उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते बोलायला लागली असती तर सुट्टी संपली असती. तिनं धुरपताबाईच्या पुढ्यातला ठेचा बोटानं चाखला आणि म्हणाली, "वाढ मावशी अर्धी भाकर. लय भूक लागली."